तिथे तुम्ही कोण होणार?

मुलगी, भाची, नणंद, धाकटी जाऊ... कुणी ना कुणी परदेशात असलेलं घर आता आपल्या लहान गावांतूनही नवलाचं राहिलेलं नाही. सुटीत महिनाभर त्यांच्याकडे जायचं ठरतं, तिकिटं निघतात आणि मग एके दिवशी फोन येतो, "येताना भाजणी आण, मेतकूट आण, आणि हो, शेवटच्या शनिवार-रविवारी आपण लार्पला जाणार आहोत. तुझंही नाव घातलंय!" भाजणी समजते, मेतकूट समजतं. लार्प म्हणजे काय म्हणून विचारावं, तर पलीकडून उत्तर मिळतं, "अगं, सगळ्यांनी वेगळे कपडे घालायचे, रानात तंबूत राहायचं आणि वेगळीच माणसं व्हायचं." हे ऐकून कुणीही शहाणीसुरती बाई काळजीत पडेल. पोरगी कुठल्या भलत्याच पंथाला तर लागली नाही ना!

तसं काही नाही. 'लाइव्ह ॲक्शन रोल प्लेइंग' या चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडून 'लार्प' हा शब्द झाला. प्रकार नाटकासारखाच, पण त्याला लिहिलेले संवाद नाहीत, रंगमंच नाही आणि प्रेक्षक तर मुळीच नाहीत. संयोजक एक कथा रचतात, जागा ठरवतात, नियम सांगतात. येणारा प्रत्येकजण त्या कथेतला एकेक माणूस होतो आणि पुढचे काही तास किंवा दोन-तीन दिवस त्या माणसासारखा वागतो, बोलतो, भांडतो. शेवटी काय होणार हे कुणालाच पुरतं ठाऊक नसतं, संयोजकांनाही नाही. आणि खरं सांगू का, आपल्याला हे नवं नाहीच. भातुकली आठवा. चुरमुऱ्यांचा भात शिजला म्हटलं की शिजला, बाहुलीला ताप आला म्हटलं की आला. बघायला कुणी नसायचं, आणि एखादं मोठं माणूस कौतुकाने बघत उभं राहिलंच तर खेळ तिथेच मोडायचा. मंगळागौरीच्या रात्री पदर खोचून एक सासू होते, एक सून होते आणि दोघी तावातावाने भांडतात, तेही अर्धं लार्पच की! फरक इतकाच, की तिकडे मोठी माणसं हे ठरवून करतात, पैसे भरून करतात आणि त्याची रीतसर तयारी करतात.

या वेडाचं एक मूळ अमेरिकेत सापडतं. १९७४ साली तिथे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा, टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायचा खेळ निघाला. त्यात मी योद्धा, तू जादूगार असं आधी ठरवून घ्यायचं असे. पुढे १९८२ साली इंग्लंडमध्ये चेशायर परगण्यातल्या पेकफर्टन किल्ल्यात 'ट्रेझर ट्रॅप' नावाचा उद्योग सुरू झाला. त्यात टेबल गेलं आणि माणसं खरोखरच कपडे चढवून किल्ल्यातल्या अंधाऱ्या दालनांतून फिरू लागली. तो उद्योग थोडीच वर्षं टिकला, पण त्याची लागण विद्यापीठांतल्या मुलामुलींना झाली ती झालीच. जर्मनीत उन्हाळ्यात असे मोठे मेळे भरतात, त्यांना माणसं हजारांनी मोजावी लागतात. पोलंडमधल्या चोखा नावाच्या जुन्या किल्ल्यात २०१४ साली जादूचं महाविद्यालय भरलं, त्यात मोठमोठी नोकरदार माणसं विद्यार्थी होऊन वर्गात बसली. आणि डेन्मार्कमध्ये होब्रो गावात २००६ साली एक निवासी शाळा निघाली, ऑस्टरस्कोव्ह तिचं नाव, तिथे इतिहास-गणितासारखे विषयही अशा खेळांतूनच शिकवतात. साठ-साठ मुलांच्या वर्गावर खडू उगाळणाऱ्या आम्हा शिक्षिकांना हे वाचून काय वाटत असेल ते न बोललेलंच बरं.

मी स्वतः एकदाच गेले आहे. इंग्लंडात, मे महिन्याच्या अखेरीस, नणंदेबरोबर, साठ-सत्तर माणसांच्या एका छोट्या मेळ्याला. तीन दिवस, दोन रात्री. तेवढ्या शिदोरीवर आणि नणंदेच्या बारा वर्षांच्या अनुभवावर पुढचं सांगते आहे. निघायच्या आधी आमच्या ह्यांनी विचारलं होतं, "तिथे तू कोण होणार?" आणि तयारीतला सगळ्यात अवघड प्रश्न तोच आहे. कपडे काय, शिवून होतात!

भूमिका निवडताना

पहिल्यांदा जाणारी माणसं हमखास मोठी भूमिका लिहून काढतात. राजघराण्यातला जन्म, लहानपणी झालेलं अपहरण, सात शत्रू, एक शाप... वहीची वीस पानं. ती तिथे कुणी वाचत नाही. ऐकायलाही कुणाला सवड नसते, कारण प्रत्येकाच्या खिशात स्वतःची वीस पानं असतात! नणंदेने मला चारच गोष्टी ठरवायला सांगितल्या. नाव काय (लहान असावं, लांबून हाक मारता यावी), काय हवं आहे, कशाची भीती आहे, आणि तिथल्या कुठल्या एका माणसाशी आधीपासून संबंध आहे. यातली दुसरी सगळ्यात महत्त्वाची. ज्या बाईला काहीच नको आहे तिला तिथे करायलाही काही नसतं. ती तंबूच्या दाराशी बसून इतरांचा खेळ बघत राहते आणि तिसऱ्या दिवशी कंटाळून घरी येते.

आता जरा मनातलं सांगते. पहिल्यांदा येणाऱ्या बाईला तिथली जुनी माणसं फार प्रेमाने सुचवतात, "तू वैदू हो ना." सल्ला वाईट नाही. लढाईतले जखमी आपल्या पायांनी तुमच्याकडे येतात, आपोआप ओळखी होतात, हाताला काम राहतं. दुसरी सूचना असते ती खानावळ चालवण्याची. कुठल्याही गोटात एक चूल असतेच आणि तिथे गप्पा रंगतात. पण मी म्हणते, वर्षाचे तीनशे बासष्ट दिवस आपण दुसरं काय करतो? कुणाचं दुखलंखुपलं बघायचं आणि सगळ्यांना वेळेवर वाढायचं! उरलेल्या तीन दिवसांतही तेच करायचं तर विमानाचं भाडं कशाला? तुम्हाला मनापासून वैदू व्हायचं असेल तर जरूर व्हा. परंतु 'मला दुसरं काय येतंय' म्हणून होऊ नका. तिथे कुणालाच काही येत नसतं. सेनापती झालेल्या बाईने घरी कधी झुरळ मारलेलं नसतं.

माझ्यासाठी नणंदेने मधला मार्ग काढला. मी जासूद झाले. पेशवाईत खलिते घेऊन पळणारे जासूद असत, तशी. एका गोटाचं पत्र दुसऱ्या गोटात पोचवायचं, एवढंच काम. याचा फायदा असा, की प्रत्येक तंबूत शिरायला कारण मिळतं आणि अनोळखी माणसाशी बोलायला पहिलं वाक्य तयार असतं. इंग्रजी बोलायचा संकोच असेल तर हे फारच सोयीचं. मी दूर देशाहून आलेली जासूद होते, तेव्हा माझ्या उच्चारांचं कुणाला नवलच वाटलं नाही, उलट त्यांना ते खेळाचाच भाग वाटले! व्यापारी, नकलनवीस, साक्षीदार, यात्रेकरू, अशा भूमिकाही पहिल्या वेळी चांगल्या.

नाव घालण्याआधी आणखी एक चौकशी करा. कथेत कोणकोणते विषय येणार आहेत? सगळे लार्प राक्षस आणि तलवारींचे नसतात. उत्तर युरोपातल्या देशांत फार गंभीर विषयांचे खेळ होतात. नॉर्वेत २०१० साली झालेल्या एका खेळात जगातले सगळे पुरुष मरून गेलेले आहेत आणि उरलेल्या स्त्रियांना पुढचं मूल कुणी जन्माला घालायचं हे ठरवायचं आहे, अशी कथा होती. ज्या बाईने नुकतंच काही सोसलेलं आहे तिला अशा ठिकाणी नकळत नेऊन बसवणं बरं नाही. चांगले संयोजक हे आधी लिहून कळवतात, नसेल कळवलं तर विचारायला लाजू नका. उलट इंग्लंडातलं 'एम्पायर' घ्या. २०१३ पासून वर्षातून चार वेळा भरणारा हा तिथल्या मोठ्यांतला मोठा खेळ. त्यातल्या कल्पित साम्राज्यात स्त्री-पुरुष असा भेदच नाही, असा नियम आहे. सेनापती, सिनेटर, अगदी गादीवर बसणारी व्यक्तीसुद्धा बाई की पुरुष हा प्रश्न उठत नाही, आणि खलनायकाची भूमिका करणाऱ्यालाही 'बाईमाणसाला काय कळतं' असं म्हणता येत नाही. वाचून मी तो परिच्छेद दोनदा वाचला.

कपडे

इथे आपला हात कुणी धरू शकत नाही. तिकडच्या मुली तयार अंगरख्यांना मोजतात तेवढ्या पैशांत आपल्याकडे सगळ्या घराचे कपडे होतील. बहुतेक मेळ्यांतून जुन्या काळचा वाटेल असा गुडघ्यापर्यंतचा सैल अंगरखा, खाली विजार, कमरेला पट्टा आणि वर शालीसारखं काही, एवढ्यावर पहिली वेळ निभते. मात्र कापायला बसण्याआधी त्या मेळ्याचे कपड्यांबद्दलचे नियम मागवून घ्या, काही ठिकाणी गोटागोटाचे रंगसुद्धा ठरलेले असतात.

दीड मीटर पन्ह्याचं जाड खादीचं किंवा लोकरीचं सव्वादोन मीटर कापड मध्यम बांध्याला पुरतं. छातीच्या मापात दहा इंच मिळवा. हे जास्त वाटेल, पण आत दोन गरम कपडे जायचे आहेत. छाती छत्तीस असेल तर शेहेचाळीस, त्याचं निम्मं तेवीस, अधिक शिवणीचा इंच. एवढ्या रुंदीचा पट्टा उभा कापून खांद्यावर दुमडा, म्हणजे पुढचा-मागचा भाग एकसंध निघतो आणि खांद्याला शिवणच येत नाही. उरलेल्या कापडात बाह्या, काखेत घालायचे दोन चौकोनी तुकडे आणि दोन्ही बाजूंना कमरेखाली घालायच्या कळ्या. काखेतला चौकोन चुकवू नका. तो नसेल तर हात वर केला की टर्रकन आवाज येतो, आणि तिथे हात बरेचदा वर करावा लागतो. गळा आधी लहान कापा, मग डोकं घालून बघा.

रंग मातकट असावेत. पांढरं कापड घरात असेल तर डाळिंबाच्या वाळलेल्या साली उकळून त्या पाण्यात तासभर उकळवा, पिवळसर-खाकी रंग चढतो. तेच पाणी लोखंडी कढईत उकळलंत तर करडा-हिरवट होतो. हळदीच्या नादी लागू नका, दिसते छान पण उन्हात उडते. पावसाची आणि थंडीची शाल म्हणून आपल्या घोंगडीच्या तोडीचं काही नाही. माझी धनगरी घोंगडी पाहून दोघातिघांनी ती विकत मागितली. वजन मात्र भारी, विमानाच्या सामानात दोन साड्या कमी कराव्या लागल्या. तशाही त्या मेळ्यात साडी नकोच, ओल्या गवतात काठाची दशा होते आणि तंबूच्या दोऱ्यांत पाय अडकतो. नऊवारी सफाईने नेसता येणारीची गोष्ट वेगळी. काष्टा घालून बाई कुठेही धावू शकते, हे त्यांना अजून कळायचं आहे!

पायात मात्र हौस नको. घोट्याच्या वर येणारे, चिखलात चालणारे, आधी महिनाभर वापरून रुळलेले बूट हवेत. वेषाला शोभले नाहीत तर वरून कापडाच्या पट्ट्या गुंडाळा. घड्याळ, मोबाइल, चकचकीत पर्स, प्लॅस्टिकची बाटली या गोष्टी तंबूत ठेवायच्या. पाण्याला पितळी तांब्या नेलात तर त्या वातावरणात तो इतका शोभून दिसतो की विचारू नका. (तिथल्या फिरत्या शौचालयांत पाणी नसतं, त्यासाठी प्लॅस्टिकचा वेगळा मग न्यायचा. दोन कामांना एकच तांब्या, ही काटकसर इथे नको.)

दागिन्यांबद्दल कुणी स्पष्ट सांगत नाही, म्हणून मी सांगते. जिथे धावपळ, झटापट आहे तिथे काचेच्या बांगड्या घालू नयेत. फुटली तर तुमच्या हातात जाईल किंवा दुसऱ्याच्या डोळ्यात. मंगळसूत्र आखूड असेल तर अंगरख्याच्या आत राहू द्या. लांब असेल तर ते कुठेतरी अडकून मानेला हिसका बसतो, तेव्हा काढून सामानात कुलपात ठेवावं. त्यात अशुभ काही नाही. ऑपरेशनच्या वेळी काढतोच की आपण.

लढाई आणि 'थांबा' म्हणायची रीत

तलवारी खोट्या असतात, पण आपल्या गणेशोत्सवातल्या पुठ्ठ्याच्या तलवारींसारख्या नव्हेत. मध्ये फायबरची लवचीक कांब, तिच्याभोवती मऊ फोमचा थर आणि वरून रबरासारखं लॅटेक्सचं कातडं. मेळा सुरू होण्याआधी जाणकार माणूस प्रत्येक हत्यार वाकवून, टोक दाबून तपासतो. आतली कांब टोकाशी हाताला लागली तर ते हत्यार बाद. घाव घालताना जोर लावायचा नसतो. पोळीवरून लाटणं जसं शेवटच्या वेळी नुसतं फिरवतो, तितपतच. डोक्यावर मारायचं नाही, आणि खास त्यासाठी बनवलेलं हत्यार नसेल तर टोकाने भोसकायचं नाही. नियमांचं पुस्तक जाडजूड असतं, त्यातली पहिल्या वेळी तीनच प्रकरणं नीट वाचा : मार लागला तर काय करायचं, खाली पडल्यावर काय करायचं, आणि खेळ थांबवायचा कसा. बाकीचं तिथे शेजारचा माणूस सांगतो. गुडघे दुखतात, लढायचं नाही, असं असेल तर तेही संयोजकांना आधी कळवून ठेवा. न लढणाऱ्यांना सामावून घेणारे खेळ पुष्कळ आहेत.

अगदीच भीती वाटत असेल तर एक पळवाट आहे, आणि मला विचाराल तर तोच राजमार्ग. संयोजकांना राक्षस, दरोडेखोर, भुतं, गावकरी अशा फुटकळ भूमिकांसाठी मदतनीस माणसं हवीच असतात. त्यांना शुल्क कमी असतं, कपडे तिथलेच मिळतात आणि काय करायचं हेही सांगितलं जातं. दुपारभरात तुम्ही तीनदा मरता, चौथ्यांदा म्हातारी भिकारीण होऊन येता आणि संध्याकाळपर्यंत सगळा संकोच कुठल्या कुठे गेलेला असतो.

खेळ थांबवण्याच्या रीती मात्र घरी बसून पाठ करा, गॅसचा नळ बंद करायला शिकतो तशा. ब्रिटनमध्ये कुणी 'मॅन डाउन' असं ओरडलं तर कुणाला तरी खरोखर लागलेलं आहे. त्या क्षणी सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. तो शब्द खोट्या जखमेसाठी कधीही वापरत नाहीत. उत्तर युरोपात 'कट' म्हणजे सगळं थांबवा आणि 'ब्रेक' म्हणजे जरा सौम्य करा, असे दोन शब्द रूढ आहेत. काही ठिकाणी अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल दाखवतात, म्हणजे 'तू ठीक आहेस ना?' उत्तर अंगठ्याने द्यायचं. वर असेल तर ठीक, खाली असेल तर समोरचा तुम्हाला खेळातून बाजूला नेतो. आणि एक फार सुरेख रीत आहे : कपाळाशी हात धरून, डोळ्यांवर ऊन आल्यासारखं करून निघून जायचं. असं करणाऱ्या माणसाला कुणी अडवत नाही, कुणी कारण विचारत नाही. कारण न देता एखाद्या प्रसंगातून उठून जायची परवानगी! पहिल्या दिवशी मी ती नुसती करून पाहिली, गरज नसताना.

याचा उपयोग कसा होतो त्याचं एक उदाहरण सांगते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी एक मोहोरबंद पत्र घेऊन निघाले होते. एका गोटाच्या सरदाराने वाट अडवली. सहा फुटी माणूस, अंगावर चिलखत, मागे त्याची सात-आठ माणसं. "पत्र मला दे," म्हणाला. एरवी मी काय केलं असतं ते मला नक्की माहीत आहे. हसून, चार शब्दांची सारवासारव करून, 'अहो, तसं नाही, पण बघा ना' असं काहीतरी म्हटलं असतं. पण जासुदाची माफी मागायची पद्धत नव्हती. मी म्हटलं, "नाही." तो ओरडला. मी पुन्हा म्हटलं, "नाही." तेवढ्यात त्याच्या हातावर मला अंगठा-तर्जनीचा तो गोल दिसला. चेहऱ्यावर राग तसाच, आणि हात विचारतोय, ठीक आहेस ना? मी अंगठा वर केला आणि मग तो आणखी जोरात ओरडला. पत्र त्याला मिळालं नाही. संध्याकाळी खेळ थांबल्यावर हाच माणूस माझ्यासाठी चहाचा कप घेऊन आला. एरवी तो लहान मुलांचा दंतवैद्य आहे.

घरी आल्यावर माझ्यात काही मोठा बदल झाला, असं मुळीच नाही. पण ते 'नाही' तोंडातून कसं बाहेर पडलं हे आठवतं, हे खरं.

सामान, खाणं आणि परतल्यावर

मेअखेरीलाही इंग्लंडात रात्री पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरू शकतो. थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त येते, तेव्हा पांघरूण वाढवण्याआधी अंथरूण वाढवा. स्लीपिंग बॅगखाली जाड मॅट हवीच. मोजे वाटतात त्याहून दोन जोड जास्त. पाळीची तारीख जवळ असेल तर सगळं सामान घरूनच न्या, रानात दुकान नसतं. रोजच्या गोळ्या, चष्म्याची दुसरी जोडी जवळ असू द्या. रक्तदाब, मधुमेह, ॲलर्जी यांची माहिती नोंदणीच्या कागदावर खरीखरी लिहा. कथेतला वैदू वेगळा आणि खरा प्रथमोपचारवाला वेगळा, त्यांचे तंबूही वेगळे असतात. झोपायच्या जागाही बहुधा दोन : खेळातला गोट, तिथे जुन्या काळचे वाटतील असेच तंबू चालतात, आणि पलीकडचं मैदान, तिथे नेहमीचे नायलॉनचे. पहिल्या वेळी पलीकडच्या मैदानात झोपा. रात्री दोनला कुणी स्वारी करून येत नाही.

शाकाहारी जेवण तिथे मिळतं, पण आपल्या जिभेला तिसऱ्या दिवशी ते नकोसं होतं. भाजणीचं पीठ, मेतकूट, भडंग, चटणी जवळ असली की काम भागतं. भारतातून ब्रिटनमध्ये दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, म्हणून पेढे, बर्फी, तूप इथून बांधू नका. तीळ-गुळाचे लाडू न्या, तेही खेळात वापरता येतात! 'आमच्या देशात प्रवाशाला हे देतात' म्हणून मी एकेक लाडू हातावर ठेवला आणि दोन दिवसांत मला बंद असलेले सगळे तंबू उघडले.

परतल्यानंतरचा दिवस मोकळा ठेवा. तिकडे बहुतेकजण ठेवतात. गाडीत बसल्यावर मला विनाकारण रडू येऊ लागलं. नणंदेने नुसता रुमाल दिला, म्हणाली, "होतं असं." भूमिकेतली भावना आपल्यात झिरपते किंवा आपली भूमिकेत, याला तिकडे 'ब्लीड' म्हणतात. शाईचा डाग कागदाच्या पलीकडे उमटावा तसं ते. म्हणून तर चांगल्या मेळ्यांत शेवटी सगळ्यांना गोल बसवून बोलायला लावतात. ते बोलणं टाळून सामान बांधायला पळू नका. आणि खेळात ज्याने तुमचा घात केला त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारून दोन शब्द बोलूनच निघा.

इतक्या लांब जाणं ज्यांना जमण्यासारखं नाही, त्यांनीही हिरमुसायचं कारण नाही. एका खोलीत, दोन-तीन तासांत होणारे लार्पही असतात. त्याला कपडे नकोत, तलवारी नकोत. भिशीच्या दिवशी सहा-सातजणींत सहज होईल. समजा, एसटीची शेवटची गाडी घाटात बंद पडली आहे, सकाळपर्यंत मदत येणार नाही. प्रत्येकीने एक चिठ्ठी उचलायची. त्यावर चार ओळी : तुम्ही कोण, कुठे निघालात, कुणापासून काय लपवता आहात, आणि या गाडीतल्या कुणाकडून काय हवं आहे. शेजारणींच्या खऱ्या भानगडींशी जुळेल असं काही चिठ्ठीत नको. एकीने घड्याळ धरून बाहेर बसायचं. 'थांबा' हा शब्द कुणीही, कधीही म्हणू शकते. खुर्च्या दोन-दोनच्या ओळीत मांडा, दिवा एकच ठेवा. आणि चहा आधी तरी होऊ द्या किंवा नंतर तरी. कारण यजमानीण मध्येच उठून स्वयंपाकघरात गेली, की घाटातली गाडी पुन्हा सुरू होत नाही.